दुरुस्ती कुणाच्या बाजूची?

(तुर्भ्याला, नव्याने कथा लिहिणाऱ्या पोरापोरींच्या बैठकीत केलेलं भाषण)



मला सांगितलं गेलं की कथेवर बोल. मी मूळचा कवितेचा माणूस. कविता मोर्चात म्हणता येते, गेटसभेत म्हणता येते. एका दमात लिहून होते, असाही आपला एक समज आहे. कथेचं तसं नाही. कथा बसून लिहावी लागते, उठून परत बसून लिहावी लागते, आणि मग कुणाला तरी वाचून दाखवावी लागते. खर्डा, दुरुस्ती आणि वाचन अशी ही तीन कामं. मी तिन्हींवर बोलणार, पण दुरुस्तीवर जास्त. कारण आपल्यात दुरुस्ती या शब्दाबद्दल फार राग आहे. तो राग खोटा नाही, पण अर्धा आहे.

राग येतो कुठून ते आधी बघू. ज्याच्या आजोबाला पाटीला हात लावू दिला नाही त्याचा नातू लिहायला बसतो. पहिली कथा लिहितो. ती कुठल्यातरी संपादकाकडे जाते आणि लाल शाईने भरून परत येते. इथे ऱ्हस्व-दीर्घ, इथे भाषा अशिष्ट, इथे प्रचार, इथे संयम हवा. पोराला वाटतं, बापजाद्यांना वेशीबाहेर ठेवलं, आता माझ्या वाक्यांनाही ठेवतायत. मग तो ठरवून टाकतो की एक अक्षर बदलणार नाही. आतून आलं तेच खरं. माझी आग, माझा अंगार.

ठीक आहे. आता काही आकडे ऐका. भारताच्या घटनेचा पहिला खर्डा घटना समितीच्या सल्लागारांनी केला, त्यात २४३ कलमं होती. बाबासाहेबांची मसुदा समिती त्यावर १४१ दिवस बसली आणि ३१५ कलमांचा मसुदा तिने पुढे ठेवला. त्यावर दुरुस्त्या सुचवल्या गेल्या, किती? सुमारे ७,६३५. त्यातल्या २,४७३ सभागृहात प्रत्यक्ष मांडल्या गेल्या. शेवटी कलमं झाली ३९५. हे आकडे खुद्द बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात दिलेत.

साडेसात हजारांवर दुरुस्त्या! आणि आपण दोन लाल रेघा बघून वही फाडतो. बाबासाहेबांनी काही दुरुस्त्या घेतल्या, काही नाकारल्या, आणि नाकारताना उभं राहून कारण सांगितलं. शब्द कुणाला कुठे नेऊन ठेवतो, हे बघण्याचं ते काम होतं. आपल्या आठ पानांच्या कथेलाही तेच काम लागतं. कुणीही, अगदी तुम्ही स्वतःसुद्धा, कथेत दुरुस्ती सुचवली की एक प्रश्न विचारा: ही दुरुस्ती कुणाच्या बाजूची?

उदाहरण देतो. एका दोस्ताच्या कथेत वाक्य होतं, ‘बाईंनी त्याला निराळ्या कपात चहा दिला.’ पाइपलाइन दुरुस्त करायला आलेला माणूस, सोसायटीतलं स्वयंपाकघर, दोन ओळींचा प्रसंग. एका मासिकाने कथा घेतली, छापली. छापताना ‘निराळ्या’ शब्द अनावश्यक म्हणून काढला. ‘बाईंनी त्याला कपात चहा दिला.’ झालं! व्याकरण शुद्ध, वाक्य आटोपशीर. कथेचा मुडदा पडला. बाई दयाळू झाल्या आणि पुढे तो माणूस कप न उचलता निघून जातो तो माजोरी ठरला. एका शब्दाने आरोपी बदलला.

दुसरं उदाहरण. ‘मुकादमाने त्याच्या आईवरून शिवी दिली.’ दुरुस्ती आली, ‘मुकादमाने अपशब्द वापरले.’ आता ही दुरुस्ती कुणाच्या बाजूची? मुकादमाच्या! शिवी खाणारा तसाच राहिला, देणारा मात्र सभ्य झाला. शिवी जशीच्या तशी छापा असं मी म्हणत नाही. पाच पानांत पंधरा शिव्या घातल्या म्हणून कथा विद्रोही होत नाही, तो नुसता फोडणीचा वास. पण शिवी आईवरून होती की जातीवरून, एकट्यात दिली की टोळीसमोर, आणि ऐकणाऱ्याने मान खाली घातली की हातातलं काम थांबवलं, एवढं कथेत राहिलंच पाहिजे. ते पुसणारी दुरुस्ती आपण घ्यायची नाही. बेलाशक नाकारायची, पण कारण लिहून.

आता उलट बाजू. एका पोराने वस्तीत कथा वाचली. नवरा कामावर गेला आणि मेला, बायको छाती बडवून रडते, दोन पानं रडते. ऐकायला बसलेली एक म्हातारी म्हणाली, ‘बाबा, हिला एवढी रडवलीस, पर हिच्या घरात पीठ होतं का? रडायला दम लागतो. आमच्यातली बाई आधी त्याची हजेरी लावलीय का बघायला गेली असती. मग घरी येऊन रडली असती.’

ही खरी दुरुस्ती. तिच्यात ऱ्हस्व-दीर्घ नाही, सौंदर्यशास्त्र नाही. पण एका वाक्यात तिने ती बाई पायांवर उभी केली. आपण पुरुष लेखक आईला नि बायकोला फार रडवतो. दुःख दाखवायला ती आपल्याला सोयीची पडते. ऊर्मिला पवारांचा ‘सहावं बोट’ हा संग्रह १९८८ साली आला. त्यांच्या कथांतल्या कोकणातल्या बाया विकतात, भांडतात, हिशेब करतात, एकमेकींवर डाफरतात आणि मग कधीतरी रडतात. त्या कथा वाचा आणि मग आपल्या कथेतली बाई काय काम करते ते तपासा. काम नसेल तर ती माणूस नाही, नुसतं पोस्टर आहे.

आता खर्ड्याबद्दल. पहिला खर्डा पळत लिहायचा. मागे वळायचं नाही, शुद्धलेखन बघायचं नाही, योग्य शब्द सापडला नाही तर जागा मोकळी सोडून पुढे जायचं. पाळी सुटल्यावर बसमध्ये मोबाईलवर लिहा, पावतीच्या पाठीवर लिहा. कोऱ्या वहीची आणि शांत खोलीची वाट बघणाऱ्याला कथा लिहून होत नाही, कारण आपल्याकडे शांत खोली हा प्रकारच नाही. एक पथ्य मात्र पाळा, जुना खर्डा पुसू नका. मोबाईलवर त्याच्यावरच गिरवत गेलात तर आधी काय होतं ते कळतच नाही. प्रत्येक खर्ड्याची निराळी प्रत ठेवा, तारीख टाका. तिसऱ्या खर्ड्यात मेलेलं वाक्य कधीकधी पहिल्यात जिवंत असतं.

मग आठ दिवस हात लावायचा नाही. आठ दिवसांनी वाचायचं, आणि मोठ्याने वाचायचं. डोळा दगा देतो, जीभ देत नाही. जिथे जीभ अडखळते तिथे एक तर वाक्य उसनं आहे, नाहीतर गोष्ट तुम्हालाच पुरती माहीत नाही.

समजा, न्हावा-शेव्याच्या बाजूला एखाद्या गोदामात रात्रपाळीला ठेकेदाराचा माणूस कंटेनरमधून माल काढताना थप्पीखाली सापडला. तुम्ही लिहिलंत, ‘भांडवलशाहीच्या राक्षसाने आणखी एक बळी घेतला.’ वाक्य खरं आहे. पण ते कुठल्याही मरणाला चिकटवता येतं, गिरणीतल्या, खाणीतल्या, गटारातल्या. आणि राक्षस हा शब्द तरी आपण का वापरावा? जोतिबांनी त्याची फोड करून दाखवली, राक्षस म्हणजे रक्षण करणारे. पुराणवाल्यांनी आपल्याच माणसांना दिलेली ती शिवी आपण ठेकेदाराला बहाल करतो.

दुसऱ्या खर्ड्यात स्वतःला प्रश्न विचारा. रात्रीचे किती वाजले होते? ही त्याची पहिली पाळी की लागोपाठ दुसरी? थप्पी कशाची होती, गोण्यांची की लाकडी पेट्यांची? दार उघडलं तेव्हा माल आधीच कलला होता का, आणि ते कुणी पाहिलं? मुकादमाने पहिलं काय केलं, गाडी बोलावली की हजेरीचं रजिस्टर उचललं? बायकोपुढे कागद ठेवला त्यावर काय लिहिलं होतं, आणि तिला तो वाचून कुणी दाखवला? या प्रश्नांची उत्तरं लिहा आणि भांडवलशाही हा शब्द खोडा. मग बघा, तो शब्द वाचणाऱ्याच्या तोंडून निघतो. रजिस्टर उचलणारा हात एकदा दिसला की निबंधाची गरज उरत नाही.

अण्णा भाऊ साठ्यांची ‘स्मशानातलं सोनं’ ही कथा घ्या. १ ऑगस्ट १९२० ला वाटेगावात जन्मलेला, शाळेत दीड दिवस गेलेला हा माणूस. त्यांचा भीमा वारणेच्या खोऱ्यातून मुंबईला येतो. पहाडासारखा गडी, खाणीत दगड फोडतो. खाण बंद पडते. पोट भरायला तो मढी उकरून त्यांच्या अंगावरचं, तोंडातलं सोनं काढायला लागतो. एका रात्री मढ्याच्या जबड्यात त्याची बोटं अडकतात, आणि ती तो गमावतो. मग कळतं की खाण पुन्हा सुरू होतेय. बस. बेकारीवर भाषण नाही, भांडवलदाराला शाप नाही. खाण बंद, सोनं, बोटं गेली, खाण चालू, या क्रमातच सगळा आरोप आहे. खाण सुरू झाल्याची बातमी चार पानं आधी आणा, की ती हावरट माणसाची गोष्ट होते. ती बातमी काढूनच टाका, की नुसती भुताटकीची गोष्ट उरते. म्हणजे क्रम हा सजावटीचा भाग नव्हे, क्रम हीच बाजू आहे. आणि दगडखाणी आपल्याला लांब नाहीत. याच तुर्भ्याच्या डोंगरकुशीत त्या चालल्या, त्यांच्या धुळीत वस्त्या वसल्या. त्यांची कथा कोण लिहिणार?

क्रमाचंच आणखी एक दुखणं, शेवट. आपल्या दहातल्या सात कथा शेवटच्या परिच्छेदात मोर्चा काढतात. नायक मूठ आवळतो, सूर्य उगवतो, निळा झेंडा फडकतो. झेंड्याला माझा विरोध असण्याचं कारणच नाही. पण कंटेनर भरताना सगळं वजन एका टोकाला रचलं तर क्रेनने उचलल्यावर तो कलतो, हे गोदीतल्या पोरालाही कळतं. वजन आतमध्ये सगळीकडे वाटावं लागतं. तुमचा नायक शेवटी मूठ आवळणार असेल तर तिसऱ्या पानावर त्याचं बोट तरी हललेलं दिसू द्या. नाहीतर तो मोर्चा तुमचा असतो, त्याचा नसतो.

आता एक जाच सांगतो, तो फक्त आपल्यालाच होतो. आपण कथा वाचली की कुणीतरी हळहळून विचारतो, ‘हे तुमच्या बाबतीत खरंच घडलं का हो?’ दुसऱ्या कुणी कथा लिहिली तर तिला कल्पनाशक्ती म्हणतात, आपण लिहिली की कैफियत. जणू आपल्याला फक्त सोसता येतं, रचता येत नाही. १९७८ साली दया पवारांचं ‘बलुतं’ आलं आणि आत्मकथनांची लाट आली. त्यांनी मराठी वाङ्मयाचं तोंड फिरवलं, हे मान्यच. पण त्या पुस्तकातसुद्धा दगडू मारुती पवार आपली गोष्ट दया पवारला सांगतो, एकाच माणसाचे दोन केलेत. ती रचना आहे! ती आपोआप झालेली नाही. लोकांनी त्यातलं दुःख पाहिलं, रचना पाहायची राहिली.

बाबूराव बागूल सुरतेला रेल्वेत नोकरीला होते. जात सांगितली तर खोली मिळेना, म्हणून ती लपवून राहावं लागलं. त्या अनुभवातून ‘जेव्हा मी जात चोरली होती’ ही कथा आली. त्याच नावाचा संग्रह १९६३ साली निघाला आणि मराठी कथेला हादरा बसला. पण बागुलांनी झालं तसं लिहून काढलं असतं तर ती तक्रार झाली असती. त्यांनी जात लपवणाऱ्या निवेदकासमोर काशिनाथ उभा केला, जात न लपवणारा, अंगावर येणाऱ्याला शिंगावर घेणारा. आता कथेत दोन रस्ते झाले. निवेदकाच्या गप्प बसण्याचा न्याय बाहेरच्या कुणी सवर्णाने करायचा नाही, तो आपल्यातलाच काशिनाथ करतो. याला म्हणायचं रचना. अनुभव कच्चा माल आहे, गड्यांनो, आणि कच्चा माल स्वस्तात न्यायची व्यवस्थेला जुनी सवय आहे. पक्का माल आपल्या हाताने करा.

कल्पनेच्या हक्काला पोटापाण्याचंही कारण आहे. ठेक्यावरच्या माणसाची गोष्ट तुम्ही जशीच्या तशी लिहिलीत, नुसतं नाव बदललं, तर चार दिवसांत मुकादम ओळखतो आणि त्याचा गेटपास बंद होतो. लेखकाला टाळ्या, आणि ज्याची गोष्ट तो घरी. हे चालणार नाही. म्हणून तीन माणसांचा एक करा, एका माणसाचे दोन करा, गाव बदला, पाळी बदला, पोरगा असेल तर पोरगी करा. सत्य बदलू नका, खुणा बदला. आणि बदलूनही तो ओळखू येत असेल तर छापण्याआधी त्याला विचारा. तो नको म्हणाला तर कथा पेटीत ठेवा. तो नकारही एक दुरुस्तीच आहे, आणि ती त्याच्या बाजूची आहे.

आता वाचनाबद्दल. कथा पहिल्यांदा कुणाला दाखवायची? माझं मत, जिची गोष्ट आहे तिच्यासारख्या चार जणांना. मासिक नंतर, संपादक नंतर, बक्षीस तर फारच नंतर. लिहिता-वाचता न येणाऱ्यांनाही ऐकवा. ऐकणारा ‘लई भारी’ म्हणाला तर त्यावर विश्वास ठेवू नका, तो तुमच्यावर माया करतोय. त्याला विचारा, कुठे कंटाळलास? कुठे खोटं वाटलं? पुढे काय होईल असं वाटलं होतं? गोष्ट परत सांग म्हणावं. तो सांगताना जे गाळतो ते बहुतेक जास्तीचं असतं. आणि जे स्वतःच्या पदरचं घालतो ते तुम्ही लिहायचं राहिलेलं असतं. त्या वेळी वाद घालू नका. ‘मला असं म्हणायचं होतं’ हे वाक्य बैठकीत बंद. जे म्हणायचं होतं ते पुढच्या खर्ड्यात म्हणा.

हे काही मी नवं सांगत नाही. तेव्हाच्या औरंगाबादेतून गंगाधर पानतावण्यांनी ‘अस्मितादर्श’ चालवलं, आणि नुसतं छापून ते थांबले नाहीत, लेखक-वाचक मेळावे भरवले. त्या नावातच सगळं आलं, लेखक आणि वाचक, एकाच मांडवात. गावोगावची पोरं तिथे आली, वाचली, ऐकून घेतलं, परत जाऊन लिहिलं. चळवळीने आपल्याला जशा सभा दिल्या तशा ऐकण्याच्या जागाही दिल्या. त्या चालू ठेवणं हे झेंडा धरण्याइतकंच काम आहे.

भाषेचं एवढंच सांगतो. प्रमाण मराठी आपल्या बापाची नाही, पण ती कुणाच्याच बापाची नाही. या नव्या मुंबईत सिडको १९७० साली आली. तिच्या आधीपासून इथे आगरी-कोळ्यांची बोली होती. मग मराठवाड्याची आली, विदर्भाची आली, घाटावरची आली, हिंदी आली. तुमच्या चाळीत चार प्रकारची मराठी भांडते. ती कथेत भांडू द्या. फक्त हौसेखातर बोली घालू नका. आपल्या आत्याच्या तोंडचा शब्द शहरी वाचकाला गंमत म्हणून विकायचा असेल तर ती दुरुस्तीसुद्धा आपल्या बाजूची नव्हे. संपादकाला शब्द कळला नाही तर तो बदलू नका, पुढच्या-मागच्या वाक्यात एवढं काम करून ठेवा की अर्थ आपोआप कळेल.

कुणी म्हणेल, घरं पाडली जातायत, ठेका पद्धतीत माणसं पिळली जातायत, आणि हा पाचव्या खर्ड्याच्या गोष्टी करतो. त्याला बाबासाहेबांचंच उत्तर आहे. ५ डिसेंबर १९५६ च्या रात्री, दिल्लीत, शरीर पार थकलेलं असताना, त्यांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाची प्रस्तावना पुन्हा नजरेखालून घालायला टेबलावर मागवून घेतली. लाखो माणसांना दीक्षा देऊन दोन महिनेही झाले नव्हते. ग्रंथ छापून आला १९५७ साली, त्यांच्या माघारी. घाईचं कारण त्यांच्यापेक्षा जास्त कुणाकडे होतं? तरी लिहिलेलं पुन्हा बघायचं त्यांनी सोडलं नाही. कारण ते ज्यांच्यासाठी लिहीत होते त्यांना कच्चं देणं त्यांना पटण्यासारखं नव्हतं. आपल्या माणसाला कच्चं वाढायचं नाही. गरिबाला काहीही चालतं, हे ठेकेदार म्हणतो. आपण म्हणायचं नाही.

पुढच्या बैठकीला येताना प्रत्येकाने एकाच कथेचे दोन खर्डे आणायचे, पहिला आणि तिसरा. दोन्ही वाचायचे. मध्ये काय बदललं आणि ते कुणाच्या बाजूने बदललं, एवढंच बोलायचं. चहाचा खर्च वर्गणीतून होईल.

जयभीम.